नव्वद ईमेल, तीन उत्तरं: पोस्टडॉक शोधताना गाडी कुठे अडते?

पोस्टडॉकबद्दल, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीबद्दल, एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"सॉलिड-स्टेट बॅटऱ्यांवर माझी पीएचडी चालू आहे. इलेक्ट्रोलाइट आणि कॅथोड जिथे एकमेकांना टेकतात तिथला रोध का वाढत जातो, हे इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपीने मोजणं हे माझं मुख्य काम. लेखकांत माझं नाव पहिलं असलेले दोन पेपर छापून आलेत, तिसरा लिहितेय. थीसिस जमा करायला आठ महिने उरलेत. गेल्या तीन महिन्यांत नव्वद प्राध्यापकांना पोस्टडॉकसाठी ईमेल पाठवले. तीन उत्तरं आली. दोघांकडे पैसे नाहीत. तिसऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलून 'तुम्हाला घेऊ, दहा दिवसांत कळवा' असं सांगितलं. काम आवडलं, पण ग्रुपची काहीच माहिती नाही. गाइड म्हणतात, आधी थीसिस संपव, मग बघू. फेलोशिपच्या मागे लागावं की सरळ नोकरी शोधावी? विषय थोडा बदलायचा आहे, ते आता जमेल का? आणि माझे ईमेल कुणी वाचतच नाही का?"

तुमच्या पत्रातल्या एका प्रश्नाला मुदत आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

व्हिडिओ कॉलवरचं 'तुम्हाला घेऊ' ही अजून ऑफर नाही. ऑफर म्हणजे संस्थेकडून आलेलं लेखी पत्र, ज्यात पद, मुदत, पगार आणि रुजू होण्याची तारीख असते. ते हातात येईपर्यंत तुम्ही बांधील नाही, आणि तेही नाहीत. तेव्हा हो-नाही कळवण्याआधी आजच एक ईमेल लिहा: बोलणं आवडलं, विचार पक्का करण्यासाठी काही गोष्टी लेखी हव्या आहेत. पद किती महिन्यांचं आहे आणि मुदतवाढ कशावर ठरते? पगार कोणत्या ग्रँटमधून निघणार आणि ती ग्रँट कधी संपते? नेमणूक संस्थेची कर्मचारी म्हणून आहे की स्टायपेंडवर? थीसिस लांबली तर रुजू होण्याची तारीख किती पुढे नेता येईल? यातला ग्रँटचा प्रश्न विचारायला बरेचजण कचरतात. तुम्ही कचरू नका. ग्रँट चौदा महिन्यांत संपणार असेल आणि पद 'दोन वर्षांचं' म्हणून सांगितलं असेल, तर उरलेले दहा महिने अजून मंजूर न झालेल्या पैशांवर उभे आहेत. तसं असणं गैर नाही, पण ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

उत्तराची वाट बघताना त्या ग्रुपमधून बाहेर पडलेली माणसं शोधा. ग्रुपच्या पानावर माजी सदस्यांची यादी असते. नसेल तर गेल्या पाच-सहा वर्षांचे पेपर काढा आणि एखाद-दोन पेपरांनंतर दिसेनाशी झालेली नावं टिपून घ्या. दोन माजी आणि एक सध्याचा, अशा तीन पोस्टडॉकना पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का, असं विचारा. ईमेलवर कुणी मोकळं लिहीत नाही, फोनवर बोलतात. 'प्राध्यापक कसे आहेत?' या प्रश्नाला 'छान आहेत' हेच उत्तर मिळतं, म्हणून मोजता येईल असं विचारा. पेपरचा मसुदा त्यांच्याकडे किती दिवस पडून राहतो? समोरासमोर भेट किती दिवसांनी होते? एकाच विषयावर दोघांना एकाच वेळी लावतात का? जाताना स्वतःचा प्रकल्प बरोबर नेऊ देतात का? वर्षाच्या आत सोडून गेलेलं कुणी आहे का, आणि का गेलं? दोन-तीन वर्षं राहूनही पहिल्या नावाचा एकही पेपर न मिळालेले पोस्टडॉक एकाहून जास्त दिसले, तर काम कितीही आवडलेलं असो, तिथे जाऊ नका.

दहा दिवस कमी पडत असतील तर मुदत मागा. खगोलशास्त्रात अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा एक संकेत आहे: पोस्टडॉकच्या ऑफरला १५ फेब्रुवारीच्या आधी उत्तर द्यायला कुणालाही भाग पाडायचं नाही. तुमच्या क्षेत्रात असा सर्वमान्य संकेत नाही, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःच मागावं लागतं. दोन-तीन आठवडे मागणं अगदी रास्त आहे. कारण खरं सांगा आणि तारीख नेमकी सांगा. 'थोडा वेळ हवा' यापेक्षा 'अमुक तारखेला नक्की कळवते' हे ऐकणाऱ्याला सोपं जातं.

आता ते नव्वद ईमेल. ते वाचले जात नाहीत असं नाही, पहिल्या दोन ओळी बहुतेक वाचल्या जातात. अडचण अशी आहे की ज्यांच्याकडे जागा आहे त्यांच्यापर्यंत ते फारसे गेलेच नसावेत, आणि गेले त्यांना त्यात स्वतःच्या कामाशी जोडलेलं काही दिसलं नसावं. तीन महिन्यांत नव्वद, म्हणजे जवळपास रोज एक. थीसिस लिहिता लिहिता रोज एका नव्या ग्रुपचं काम वाचून त्यावर लिहिणं कुणालाच शक्य नाही.

पोस्टडॉकची जागा जन्माला कशी येते ते पाहा. प्राध्यापक ग्रँटसाठी प्रस्ताव लिहितात, त्यातच 'एक पोस्टडॉक, चोवीस महिने' असा खर्च धरलेला असतो. प्रस्ताव मंजूर होतो, संस्थेकडे पैसे यायला काही महिने जातात, आणि मग माणूस शोधायला सुरुवात होते. पुष्कळदा जाहिरात येण्याआधीच दोन-तीन नावं प्राध्यापकांच्या डोक्यात असतात: परिषदेत भेटलेलं कुणी, ओळखीच्या सहकाऱ्याने सुचवलेलं कुणी, किंवा नेमक्या वेळी चांगला ईमेल लिहिणारं कुणी. मंजुरी आणि जाहिरात यांच्या मधला हा काळ तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा. आणि तो बाहेरून ओळखता येतो, कारण सार्वजनिक पैशांतून दिलेल्या बहुतेक ग्रँटची नोंद सगळ्यांना खुली असते.

युरोपीय संघाच्या प्रकल्पांसाठी कॉर्डिस, जर्मनीच्या डीएफजी या संशोधन-निधी संस्थेसाठी गेप्रिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा अवॉर्ड सर्च, वैद्यकाच्या बाजूचं काम असेल तर एनआयएच या अमेरिकी आरोग्य-संशोधन संस्थेचा रिपोर्टर, जपानसाठी काकेन, अशा या खुल्या नोंदी. या सगळ्यांत विषयाचा शब्द टाकून शोधता येतं, आणि सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, प्रकल्पाचा सारांश बघायला मिळतो. 'सॉलिड इलेक्ट्रोलाइट', 'इंटरफेस', 'इम्पीडन्स' असे शब्द टाका आणि गेल्या बारा महिन्यांत सुरू झालेले प्रकल्प तेवढे वेगळे काढा. युरोपीय रिसर्च काउन्सिलच्या ग्रँटकडे खास लक्ष ठेवा. तिथली स्टार्टिंग ग्रँट साधारण १५ लाख युरोपर्यंत आणि पाच वर्षांची असते, निकाल सहसा सप्टेंबरच्या सुमारास लागतो आणि निवड झालेल्यांची नावं जाहीर होतात. त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदाच स्वतःची टीम उभी करायची असते. नवीन प्राध्यापकाकडे जाण्यात धोका असतो हे खरं: लॅब उभी राहायला वर्ष जातं, त्यांचं शिफारसपत्रही फारसं वजनदार नसतं. पण ते रोज लॅबमध्ये असतात, आणि तुमच्या पेपरवर त्यांचंही पुढचं पाऊल अवलंबून असतं. दोन पेपर हाताशी असलेल्या उमेदवाराला मोठ्या नावाच्या चाळीस जणांच्या ग्रुपपेक्षा इथे जास्त मिळतं, असं आमचं मत आहे.

दुसरा स्रोत तुमच्या हाताशीच आहे. तुमचे पेपर कोणी संदर्भात घेतलेत ते बघा. तुमच्या थीसिसच्या संदर्भयादीत जे ग्रुप पाच-सहा वेळा येतात ते काढा. तुमच्या पेपरच्या परीक्षकांनी ज्यांचं काम उद्धृत करायला सांगितलं, तेही. हे लोक तुमचा प्रश्न आधीच ओळखतात, त्यांना तो पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही. एवढ्यातून पंचवीस ते तीस ग्रुपांची यादी होईल, आणि तेवढी पुरे. एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकासाठी एक ओळ करा: चालू ग्रँट आणि तिच्या तारखा, ग्रुपमध्ये सध्या पोस्टडॉक किती, त्यांच्याकडे असलेलं पण तुमच्याकडे नसलेलं उपकरण किंवा तंत्र, तुमच्याकडे असलेलं पण त्यांच्याकडे नसलेलं कौशल्य, ईमेलची तारीख, उत्तर. यातला चौथा रकाना भरता येत नसेल, तर त्या ग्रुपला ईमेल करू नका. तुमचे नव्वदांतले बरेच ईमेल याच रकान्यावर अडले असते.

विद्यापीठांपलीकडेही बघा. राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि सिंक्रोट्रॉनसारखी (अतिशय प्रखर एक्स-रे निर्माण करणारी) मोठी केंद्रं नियमितपणे पोस्टडॉक घेतात, आणि पदार्थविज्ञानातले उमेदवार त्यांना अनेकदा विसरतात. ग्रेनोब्लचं ईएसआरएफ, ब्रिटनमधलं डायमंड, हॅम्बुर्गमधलं पेट्रा-३, जपानमधलं स्प्रिंग-८, अमेरिकेत आर्गोन प्रयोगशाळेतलं अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स, या सगळ्या ठिकाणी बॅटरीचा सेल चालू असतानाच आत काय घडतंय ते एक्स-रेने पाहण्याचं काम चालतं. बीमलाइनवरच्या, म्हणजे त्या एक्स-रेच्या झोतावरच्या एकेका प्रयोग-केंद्रातल्या पदात वेळेचा काही भाग बाहेरून येणाऱ्या वापरकर्त्यांना मदत करण्यात जातो. तो किती टक्के, आणि स्वतःच्या संशोधनाला बीमटाइम (झोत वापरायचा वेळ) वेगळा मिळतो का, हे आधी विचारून घ्या. त्या बदल्यात जगभरचे ग्रुप तुमच्याकडे चालत येतात, आणि पुढच्या नोकरीसाठी त्या ओळखी फार कामाच्या ठरतात.

ईमेल कसा असावा? सब्जेक्टमध्ये तीन गोष्टी: पोस्टडॉक, रुजू होऊ शकता तो महिना आणि वर्ष, आणि विषयाचे पाच-सहा शब्द. नुसतं 'पोस्टडॉकसाठी अर्ज' लिहिलेले ईमेल त्यांच्याकडे ढिगाने येतात. मजकूर दोनशे शब्दांच्या आत ठेवा. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि कधी मोकळ्या होणार. त्यानंतर लगेच मुख्य मुद्दा, आणि तो असा काहीसा असावा:

"आर्जिरोडाइट इलेक्ट्रोलाइट आणि निकेलचं प्रमाण जास्त असलेला कॅथोड यांच्यावरच्या तुमच्या पेपरमध्ये सायकलिंगबरोबर एकूण रोध वाढताना दिसतो, पण तो कणांच्या सीमांमुळे वाढतो की कॅथोडच्या पृष्ठभागामुळे, हे वेगळं काढलेलं नाही. माझ्या पीएचडीत मी हेच करते: वेगवेगळ्या तापमानांना घेतलेल्या इम्पीडन्सच्या मोजमापांतून, रिलॅक्सेशनच्या काळांचं वितरण काढून, दोन्ही वाटे वेगळे करते. तुमच्याकडे चालू सेलवर एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी करण्याची सोय आहे. दोन्ही मोजमापं एकाच सेलवर घेतली, तर विघटनातून तयार होणाऱ्या कोणत्या पदार्थामुळे रोध वाढतो हे सांगता येईल असं वाटतं."

यात त्यांच्या कामातली एक मोकळी जागा आहे, तुमचं एक कौशल्य आहे आणि दोन्ही जोडणारा एक प्रयोग आहे. 'तुमच्या कामाने मी खूप प्रभावित झाले' हे वाक्य कुठेही नाही, आणि नसलेलंच बरं, कारण ते कुणालाही पाठवता येतं. मोकळी जागा दाखवताना सूर चूक काढल्यासारखा होऊ देऊ नका, आणि त्यांच्या पुढच्या पेपरमध्ये ते काम होऊन गेलेलं नाही ना, तेही तपासून घ्या. शेवटी थेट प्रश्न विचारा: येत्या वर्षात जागा असण्याची शक्यता आहे का, आणि नसेल तर अमुक फेलोशिपसाठी तुम्ही यजमान व्हाल का? फेलोशिपचे पैसे बाहेरून तुमच्या नावावर येतात, म्हणून या दुसऱ्या प्रश्नामुळे पैसे नसलेल्या प्राध्यापकालाही 'हो' म्हणायला वाट मिळते. तुम्हाला 'पैसे नाहीत' म्हणून आलेल्या दोन उत्तरांना हाच प्रश्न विचारायचा राहिलाय. त्यांनी निदान उत्तर दिलं, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. त्यांना पुन्हा लिहा.

जोडायची फाइल एकच, पीडीएफ: दोन पानांचा सीव्ही आणि एक पान संशोधनाचा सारांश, त्यात एक चांगली आकृती. फाइलच्या नावात तुमचं आडनाव असू द्या. परवानगी मागणाऱ्या लिंका देऊ नका, त्या कुणी उघडत नाही. सीव्हीवर प्रकाशित, स्वीकृत, परीक्षणाखाली आणि तयारीतले पेपर वेगवेगळे दाखवा. तिसरा पेपर मसुद्याच्या अवस्थेत पोचला असेल, तर सहलेखकांची आणि गाइडची संमती घेऊन प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच सगळ्यांना खुला केलेला पेपर) म्हणून टाका, म्हणजे 'तयारीत' या शब्दाऐवजी वाचता येईल अशी लिंक देता येते. उपकरणांची यादी करताना 'वापरलं आहे' आणि 'एकटीने चालवते, बिघडलं तर दुरुस्त करते' यातला फरक लिहून दाखवा. प्राध्यापकांना दुसऱ्या प्रकारचं माणूस हवं असतं.

दहा ते चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा. एकदाच. त्यानंतर पुढच्या नावाकडे वळा. एकाच विभागातल्या तिघांना एकाच आठवड्यात ईमेल पाठवू नका, ते जेवताना बोलतात.

जाहिरातींची पोर्टलं बघायचीच: युरोपसाठी युराक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्ज डॉट एसी डॉट यूके, जपानसाठी जेरेक-इन, शिवाय नेचर करिअर्स आणि सायन्स करिअर्स. विषयाचा शब्द टाकून अलर्ट लावून ठेवा म्हणजे रोज चाळत बसायला नको. जाहिरात दिसली तरी अर्जाबरोबरच संबंधित प्राध्यापकाला वर सांगितला तसा छोटा ईमेल टाका.

फेलोशिप की नोकरी, या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही, पण नोकरीची वाट फेलोशिपसाठी थांबवायची नाही. फेलोशिपमुळे स्वतःचा प्रश्न निवडता येतो आणि पुढे सीव्हीवर ती वेगळी उठून दिसते, पण स्पर्धा जबर आहे. युरोपच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपच्या २०२४च्या फेरीत १०,०००हून जास्त अर्ज आले आणि सुमारे १,७०० मंजूर झाले. २०२५च्या फेरीत अर्जांचा आकडा १७,०००वर गेला. एवढ्या गर्दीत एकाच अर्जावर सगळं टांगून ठेवणं बरोबर नाही.

या फेलोशिपचे दोन नियम नीट समजून घ्या, कारण चांगले उमेदवार इथेच बाद होतात. पहिला, अंतिम तारखेपर्यंत पीएचडी झालेली असावी लागते. दुसरा, तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या किंवा काम केलेल्या नसाव्यात. म्हणजे एखाद्या देशात आधी नोकरीवर जाऊन, दीड वर्षाने तिथल्याच ग्रुपकडून या फेलोशिपला अर्ज करू म्हटलं, तर ते दार बंद झालेलं असतं. तुमच्या तिसऱ्या प्राध्यापकांचा देश युरोपात असेल तर हा हिशोब आत्ताच करा. मुदत सहसा सप्टेंबरमध्ये असते, पण प्रस्ताव यजमानांबरोबर बसून लिहायचा असतो आणि काही संस्था वसंतातच आपले उमेदवार ठरवून मोकळ्या होतात, म्हणून एप्रिल-मेपर्यंत यजमान ठरलेला हवा. प्रस्तावाचा मुख्य भाग दहा पानांचा असतो. त्यात विज्ञान उत्तम आणि प्रशिक्षणाचा व परिणामांचा भाग घाईत लिहिलेला, हे नेहमी दिसतं. गुण मात्र त्या भागांनाही असतात.

बाकीच्या फेलोशिपांची स्वतःची वळणं आहेत. जपानच्या जेएसपीएस या विज्ञान-प्रोत्साहन संस्थेच्या नेहमीच्या योजनेत अर्ज तुम्ही करत नाही, जपानमधले यजमान त्यांच्या संस्थेमार्फत करतात, आणि संस्थेची अंतर्गत तारीख मुख्य तारखेच्या बरीच आधी असते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मिलर फेलोशिपला थेट अर्जच चालत नाही, कुणीतरी नाव सुचवावं लागतं. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप तीन वर्षांची असते, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी अशा विषयांतून जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठीच ती आहे. तुम्हाला ती लागू नसेल, पण पेशींच्या पटलांमधून आयनांचं वहन वगैरे विषय डोक्यात असेल तर बघा.

आणि त्यावरून विषय बदलण्याकडे. बदलायला पोस्टडॉकसारखी चांगली वेळ पुन्हा येत नाही, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. तंत्र तेच ठेवून पदार्थ बदला, नाहीतर पदार्थ तोच ठेवून तंत्र बदला. इम्पीडन्सचं कसब घेऊन तुम्ही फ्युएल सेल, गंज किंवा जैविक संवेदक यांच्याकडे जाऊ शकता. किंवा बॅटरीच ठेवून सिंक्रोट्रॉन किंवा संगणकी सिम्युलेशन शिकू शकता. दोन्ही एकदम बदललं तर पहिलं वर्ष नुसतं शिकण्यात जातं, आणि दोन वर्षांच्या पदात पुढच्या नोकरीचे अर्ज दीड वर्षाच्या आतच सुरू करावे लागतात. त्या वेळी दाखवायला काही नसतं. पीएचडीचंच काम दुसऱ्या इमारतीत जाऊन चालू ठेवणंही टाळा, कारण पुढे निवड समिती विचारते की यात तुमचं स्वतःचं काय.

शिफारसपत्रं तीन लागतात. गाइडचं असायलाच हवं. नसलं तर लोक कारण शोधतात. दुसरं एखाद्या सहलेखकाचं, शक्यतो दुसऱ्या संस्थेतल्या. तिसरं तुमच्या थीसिस समितीतल्या कुणाचं. विचारताना 'द्याल का?' असं नको, 'जोरदार पत्र देता येईल का?' असं विचारा, म्हणजे ज्यांना जमणार नाही त्यांना नकार देता येतो. कोमट पत्र नकारापेक्षा जास्त नुकसान करतं. चार आठवडे आधी सांगा, आणि सोबत सीव्ही, जाहिरात, अंतिम तारीख आणि तुमच्या कामातले तीन ठोस प्रसंग लिहून द्या: कोणती अडचण आली, तुम्ही काय केलंत, त्यातून काय निघालं. पत्र लिहिणाऱ्याला तपशील आठवत नाहीत, म्हणूनच पत्रं गुळमुळीत होतात. तारखेच्या तीन दिवस आधी पुन्हा आठवण करा. पत्र वेळेत न पोचल्याने अर्ज अपुरा राहिला, तर त्याची झळ तुम्हालाच बसते.

इंटरव्ह्यूत बहुतेक ठिकाणी ४० ते ५० मिनिटांचं भाषण आणि मग ग्रुपमधल्या एकेकाशी गप्पा असतात. शेवटची पाच मिनिटं 'इथे आले तर पहिल्या सहा महिन्यांत काय करीन' यासाठी ठेवा. एखाद्या आलेखातला विचित्र बिंदू तुम्हाला माहीत असेल तर तो झाकू नका, त्याचं तुमचं स्पष्टीकरण सांगा. त्यावर प्रश्न येतोच.

पगार आणि व्हिसाबद्दल ज्या गोष्टी उशिरा कळतात त्या अशा. स्टायपेंडवर असलेल्यांना काही ठिकाणी संस्थेचे कर्मचारी धरत नाहीत, त्यामुळे विमा, निवृत्तिवेतन आणि बाळंतपणाची रजा वेगळ्या नियमांनी चालते. जर्मनीत विद्यापीठांमधला पोस्टडॉकचा पगार सहसा टीव्ही-एल या सरकारी वेतन-तक्त्याच्या १३व्या श्रेणीत बसतो, पण त्यातली पायरी आधीच्या अनुभवावर ठरते. पीएचडीच्या काळातल्या नोकरीचे दाखले करारावर सही करण्याआधी द्या, मागाहून पायरी वाढवून घेणं कठीण जातं. अमेरिकेत जे-१ व्हिसावर रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात. मात्र तो कार्यक्रम मधेच संपवून परतलात तर त्याच प्रकारात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं, मग वर्षभरच राहिला असाल तरीही. काहींना वर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अटही लागू होते, ती व्हिसावर लिहिलेली असते. ब्रिटनमध्ये काही देशांच्या नागरिकांना पदार्थविज्ञानासारख्या विषयांसाठी एटास नावाची आगाऊ मंजुरी लागते, तिला कित्येक आठवडे जातात आणि ती हाती आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. म्हणून 'पुढच्या महिन्यात या' असं कुणी म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. ऑफरपासून रुजू होईपर्यंत तीन ते पाच महिने धरून चाला.

हाच हिशोब गाइडसमोर ठेवा. थीसिसचं काम मागे पडेल ही त्यांची काळजी खरी आहे, पण आठ महिन्यांतून व्हिसाचे चार वजा केले, ऑफर ठरायला लागणारे दोन-तीन वजा केले, तर ईमेल आत्ताच जायला हवेत हे कागदावर दिसतं. आठवड्यातला एक दिवस शोधाला, बाकीचे थीसिसला, असं ठरवून सांगा. एका दिवसात दोन चांगले ईमेल होतात, म्हणजे तीस ग्रुप चार महिन्यांत संपतात. ग्रँट नुकत्याच सुरू झालेले पहिले दहा आधी घ्या. गाइडना आणखी एक नेमकं काम सांगा: या दहांपैकी ज्यांना ते ओळखतात त्यांना दोन ओळी लिहायच्या, 'माझी विद्यार्थिनी तुम्हाला ईमेल करतेय.'

थीसिस जमा करणं आणि पदवी मिळणं यांच्यामध्ये परीक्षकांच्या अहवालांमुळे कित्येक महिने जाऊ शकतात, आणि बऱ्याच नेमणुका 'पीएचडी पूर्ण' या अटीवर असतात. यजमान संस्थेच्या एचआरला आत्ताच विचारा की त्यांना पदवी प्रमाणपत्रच लागतं, की सगळ्या अटी पूर्ण झाल्याचं विद्यापीठाचं पत्र चालतं. पत्र चालत असेल तर ते तुमच्या विद्यापीठात कोणतं कार्यालय देतं आणि तोंडी परीक्षेनंतर किती दिवसांत देतं, हे या आठवड्यातच विचारून ठेवा. मधल्या महिन्यांसाठी गाइडच्या ग्रँटमधून तीन-चार महिन्यांची छोटी नेमणूक मिळते का, तेही त्याच भेटीत विचारा. तिसरा पेपर तेवढ्यात पुरा होतो.